आधी श्वास की आधी छाती? किनाऱ्यावर सीपीआर शिकवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सीपीआरच्या व्हिडिओंनी एक काम चांगलं केलं. माणूस कोसळला की छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, एवढं आता कोकणात वाडीवाडीत ठाऊक झालंय. पण हे व्हिडिओ बहुतेक शहरासाठी केलेले असतात. ऑफिसात, जिममध्ये किंवा रेल्वे स्टेशनवर चालता-बोलता माणूस पडतो, शेजारचा धावून येऊन छाती दाबायला लागतो आणि खाली अक्षरं येतात की तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. त्या माणसापुरतं ते बरोबरच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये नुसते हात वापरायची ही पद्धत सामान्य लोकांसाठी पुढे आणली. आपल्याकडच्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलनेही रस्त्यावरच्या सामान्य माणसासाठी छातीदाबावरच भर दिला आहे. मात्र मालवण, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै किंवा काशिदच्या वाळूत चौघांनी उचलून आणून ठेवलेला माणूस बहुधा त्या कारणाने पडलेला नसतो. तो बुडालेला असतो, आणि बुडालेल्याला नुसती छाती दाबून भागत नाही.

किनाऱ्यावर सीपीआरचा वर्ग घ्यायचा तर हा फरक पहिल्या अर्ध्या तासात लोकांच्या डोक्यात पक्का बसायला हवा. तो समजला की पुढच्या निम्म्या शंका उरतच नाहीत.

बागेतल्या विहिरीवरचा पंप घ्या. हृदय म्हणजे तो पंप, फुफ्फुसं म्हणजे विहीर आणि ऑक्सिजन म्हणजे पाणी. हृदयाची विजेची लय अचानक बिघडून माणूस पडतो, तेव्हा विहीर भरलेली असते, पाइपही भरलेले असतात, बंद पडलेला असतो फक्त पंप. तो हाताने चालवत राहिलं तर पाइपातलं पाणी काही मिनिटं तरी झाडांना मिळत राहतं. म्हणून तिथे नुसते हात चालतात. बुडताना घडतं ते याच्या उलट. पंप ठणठणीत असतो, विहीर आटत जाते. श्वास बंद झालेला असतो तरी हृदय धडधडत राहतं, रक्तातला उरलासुरला ऑक्सिजन संपवतं, मग मंदावतं आणि सगळ्यात शेवटी थांबतं. अशा वेळी कोरड्या विहिरीवर पंप कितीही मारला तरी झाडाला काय मिळणार? आधी विहिरीत पाणी घालायला हवं, म्हणजे फुफ्फुसात हवा भरायला हवी.

यातली आशेची बाजू वर्गात मुद्दाम सांगतो. बुडालेला माणूस वेळेत बाहेर काढला तर पुष्कळदा श्वास थांबलेला असतो, पण हृदय अजून हळूहळू चालू असतं. अशा वेळी पहिल्या काही श्वासांवरच तो खोकतो, ओकतो, हात झटकतो. आपण छाती दाबायच्या गडबडीत श्वास टाळले तर ही संधी हातची जाते.

बुडालेल्यांखेरीज आणखीही काही जण याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. लहान मुलांचं हृदय आपण होऊन क्वचितच बंद पडतं, बहुधा आधी श्वास अडकतो. म्हणून मूल म्हटलं की श्वास द्यायचेच. गळ्यात घास अडकून बेशुद्ध पडलेलाही यातलाच. आणि कोकणात विसरून चालणार नाही अशी मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला ती चावते, दंशाची जागा दिसतही नाही, पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे छातीचे स्नायूच लुळे पडून श्वास थांबतो. हृदयाला काही झालेलं नसतं. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत कोणी श्वास देत राहिला तर हा माणूस प्रतिविषापर्यंत पोचू शकतो. फुरशाचं विष वेगळं, ते रक्तावर जातं. पण तो विषय एका वेगळ्या वर्गाचा आहे, इथे थांबतो.

वर्गाला उत्तम काळ मासेमारी बंदीचा. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, माणसं जाळी विणत घरी असतात, पर्यटक नसल्यामुळे बोटिंगवाले, स्कूबावाले आणि होम-स्टेवाल्या बाया मोकळ्या असतात. शाळेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा हॉल मिळतो. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज असतो की भाषण देण्याचा मोह आपोआप आवरतो. ते बरंच आहे, कारण सीपीआर हा ऐकून शिकायचा विषयच नाही. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाचे हात सरावाच्या माणसाएवढ्या बाहुलीवर पडले पाहिजेत. समजावून सांगायचं ते नंतर, दमून बसल्यावर.

त्या बाहुलीची गोष्ट मात्र मी सांगतोच, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला ती लगेच आपली वाटते. बंद छातीवरून दाबून रक्त फिरवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, निकरबॉकर आणि जूड या तिघांनी १९६० मध्ये मांडलं. त्यातल्या निकरबॉकरच्या लक्षात आलं होतं की प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर विजेच्या झटक्याचे जड पॅडल नुसते टेकवून दाबले तरी रक्तदाब थोडा वर चढतो. तोंडाने दिलेला श्वास पुरेसा असतो, हे त्याच सुमारास पीटर साफर यांनी दाखवून दिलं होतं. आता हे लोकांना शिकवायचं कशावर? जिवंत माणसावर तर सराव करता येत नाही. तेव्हा नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावचे खेळणी बनवणारे आस्मुंड लार्दाल पुढे आले. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. त्यांनी मऊ प्लॅस्टिकची माणसाएवढी बाहुली घडवली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा, असं सांगतात. जगभर लोक ज्या तोंडावर श्वास द्यायला शिकले ते एका बुडालेल्या मुलीचं, हे सांगितलं की हॉलमधली कुजबुज थांबते आणि मागच्या बाकावरचे पोरगेही पुढे सरकतात.

आता हात. माणूस उताणा, खाली टणक जागा. गादी, बाज, झोपाळा चालणार नाही, कारण दाबलेलं सगळं गादीच पिऊन टाकते. किनाऱ्यावर भुसभुशीत कोरड्या वाळूपेक्षा ओली, घट्ट बसलेली वाळू बरी, फक्त लाट तिथे पोचत नाही ना ते बघायचं. पुळणीला उतार असतो, म्हणून माणूस पाण्याच्या रेषेला समांतर ठेवायचा, म्हणजे डोकं ना वर ना खाली. गुडघे त्याच्या बरगडीला चिकटवून बसायचं. छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, तिथे एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, बोटं गुंतवून वर उचललेली. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. दाबायचं ते दंडाच्या जोराने नाही, कंबरेतून पुढे झुकून अंगाच्या वजनाने. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांचं अंग आपोआप तसं झुकतं. जिममध्ये जाणारे तरुण मात्र कोपर वाकवून हाताने दाबतात आणि मिनिटभरात लाल होतात. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या पन्नाशीच्या आशाताई शांतपणे दोन मिनिटं काढतात आणि मग त्या पोरांकडे बघून हसतात.

मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि ६ च्या पुढे जाऊ नये. लिहिताना सोपं वाटतं, पण पहिल्यांदा दाबणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ५ सेंटिमीटर म्हणजे अमानुष वाटतं. बाहुलीतून ‘टक’ असा आवाज आला की खोली बरोबर गेली. तो आवाज पहिल्या फेरीत फार थोड्यांना काढता येतो. दाबण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय भरतं ते सोडल्यावर. हातावर रेलून राहिलेला माणूस पंप दाबतो खरा, पण तो भरूच देत नाही.

वेग मिनिटाला १०० ते १२०. इथे मराठी माणसाची एक वेगळीच पंचाईत होते, जी कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही. आपण मोठ्याने मोजत दाबतो. एक, दोन, तीन, चार हे झटझट जातं. पण पुढे एकवीस, बावीस, सत्तावीस, अठ्ठावीस आणि वर एकोणतीस! शब्द लांबला की हातही लांबतो आणि तिसाच्या जवळ आल्यावर वेग पार पडतो. म्हणून आम्ही तीसपर्यंत मोजतच नाही. एक ते दहा, तीनदा. समोर बसलेला दुसरा माणूस प्रत्येक दहाला एक बोट दाखवतो. तीन बोटं झाली की श्वास. तीस दाबांना पंधरा ते अठरा सेकंद लागायला हवेत. फोनवर मेट्रोनोमचं फुकट अ‍ॅप मिळतं, त्यावर ११० लावून ठेवलं की हॉलभर टिकटिक चालू होते आणि सगळ्यांची लय एकत्र येते.

इतका जोर कशाला, याचंही उत्तर द्यायला हवं. उत्तम दाबूनही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा मिळतो. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते, त्यामुळे हा तिसरा हिस्सा काय तो आधार. आणि रक्त पुढे ढकलणारा दाब एका दाबण्यात तयार होत नाही, लागोपाठच्या दाबांनी चढत जातो आणि थांबलं की लगेच घसरतो. म्हणून मध्ये थांबायचं ते दहा सेकंदांच्या आत. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, दमला नसला तरी. दमलेल्याला आपण दमलोय हे कळत नाही, दाब मात्र उथळ झालेला असतो.

या टप्प्यावर हमखास प्रश्न येतो, ‘हाड मोडला तर?’ मोडतं. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या तर मोडतातच, हाताखाली कडकन वाजतं आणि दाबणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हाताची जागा नीट आहे ना बघायचं आणि चालू ठेवायचं. बरगडी महिन्या-दीड महिन्यात जुळते. हे आधी कानावर घातलं नाही तर खऱ्या वेळी त्या एका आवाजाला घाबरून लोक हात काढून घेतात.

हात बसले की मग ओळख शिकवतो. कधी सुरू करायचं? खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नाही, तर दहा सेकंदांच्या आत छाती-पोट हलतंय का बघायचं. नाडी बघण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली धडधड जाणवते आणि तो ‘आहे, आहे’ म्हणत बसतो. खरा घात होतो तो आचक्यांमुळे. हृदय थांबल्यावरही काही जण मिनिट-दोन मिनिटं अधूनमधून तोंड उघडून घरघरतात, मान मागे टाकतात. आपल्याकडे याला आचके देणं म्हणतात आणि सगळ्यांनी ते पाहिलेलंही असतं. पण घरातलं माणूस आचके देऊ लागलं की भोवतीचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा जरा.’ तो श्वास नाही. नेहमीसारखा, लयीत चालणारा श्वास नसेल तर नाहीच असं धरायचं आणि हात लावायचा. शंका आली तरी हात लावायचा. हृदय चालू असलेल्या माणसाला चार दाब बसले तर तो कण्हतो, हात बाजूला करतो, मोठं नुकसान होत नाही. उलट बाजूची चूक मात्र भरून येत नाही. त्याच वेळी कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, तोंडात पाणी ओतणं या सगळ्यावर काट मारायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी थेट श्वासनळीत जातं.

आता श्वास. कपाळावर एक हात ठेवून डोकं मागे, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून वाट अडवते, ती यामुळे मोकळी होते. नाक चिमटीत, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट, एक सेकंदभर हवा सोडायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छाती उचलली का ते बघायचं. उचलली की पुरे. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि मग उलटी येते. ‘आपण सोडलेल्या हवेत ऑक्सिजन असतो तरी का?’ हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि तो फार चांगला आहे. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आपण सोडतो त्यात अजून १६-१७ टक्के उरलेला असतो. तेवढ्यावर काम भागतं.

बुडालेल्याला आधी श्वास. युरोपातल्या सूचनांप्रमाणे सुरुवातीला पाच, अमेरिकेतल्यांप्रमाणे दोन. वर्गात यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आम्ही पाच शिकवतो, कारण ओल्या, थरथरत्या हातांनी दिलेल्या पाचांतले दोन-तीनच नीट बसतात. मग तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. तोंडातून पांढरा फेस येत राहतो. तो पुसत बसायचं नाही, पुन्हा येतोच. उलटी आली तर मात्र मान-अंग एका कुशीवर वळवून बोटाने तोंड साफ करायचं आणि परत उताणं. तोंडाला तोंड लावायची किळस किंवा भीती वाटली तर ते समजण्यासारखं आहे. त्यासाठी पॉकेट मास्क मिळतो, प्रत्येक बोटीच्या डब्यात एक असावा. मास्क नाही आणि मनही होत नाही, तर निदान छाती तरी दाबत राहायची. नुसती छाती दाबणं बुडालेल्याला कमी पडतं, पण काहीच न करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि मग तो प्रश्न, जो दर वर्गात कुठला ना कुठला म्हातारा रापणकार विचारतोच, ‘पोटातला पाणी आधी काढूक नको?’ पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर हेच केलेलं आहे. पालथं घालून पाठीवर दाबायचं, पोट दाबायचं, पोराला पाय धरून उलटं लटकवायचं, एखाद्याला खांद्यावर टाकून धावायचं. तोंडातून पाणी येतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्या माणसाला उडवून लावायचं नाही. त्याने खरंच माणसं बाहेर काढलेली असतात आणि त्यातली काही वाचलेलीही असतात. त्याला शांतपणे सांगायचं की बाहेर येतं ते पाणी बहुतेक पोटातलं. पोटातल्या पाण्याने कोणी मरत नाही. फुफ्फुसात जाणारं पाणी आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ कमी असतं आणि ते उलटं टांगून निघतही नाही. पोट दाबलं की अन्न वर येतं, ते श्वासनळीत उतरतं आणि वाट आणखी बंद होते. मुख्य म्हणजे त्या दोन-तीन मिनिटांत श्वास दिलेला नसतो. हे सांगून झाल्यावर त्याच आजोबांना बाहुलीपाशी बसवायचं. हवा गेल्यावर तिची छाती वर येताना त्यांनी स्वतः बघितली की पुढचा वाद होत नाही.

पाण्यातून काढण्याबद्दल थोडंच बोलतो, कारण समोर बसलेल्यांना समुद्र माझ्यापेक्षा जास्त कळतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. बुडणारे बहुधा पाहुणे असतात आणि धावणारे गाववाले. होम-स्टेवाल्यांनी, हॉटेलच्या पोरांनी उडी मारायची नाही. दोरी, रिकामा मोठा कॅन, ट्यूब, काय मिळेल ते फेकायचं आणि पोहणाऱ्याला हाक द्यायची.

एक विषय चारचौघांत काढायला लोक बिचकतात, पण काढावा लागतोच. पडलेली बाई असेल तर? पुरुष मागे सरतात, बायका लाजतात, साडी सावरण्यात वेळ जातो. परदेशांतही असंच आढळलंय की सार्वजनिक जागी कोसळलेल्या बायकांना अनोळखी लोकांकडून सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आहे. म्हणजे हा फक्त आपल्या गावाचा संकोच नाही. तळहात ठेवायचा तो स्तनांच्या मधल्या हाडावर. नुसतं दाबायला कपडे काढावे लागत नाहीत, पदर बाजूला केला की पुरे. बाकीच्या बायकांनी चादर धरून आडोसा करावा, हात तोवर चालू. आम्ही एका बाहुलीला ओढणी आणि ब्लाउज घालूनच ठेवतो. पहिल्यांदा सगळे हसतात. दुसऱ्या फेरीला कोणी हसत नाही.

‘मेलो तर आमच्यार येतला मा?’ म्हणजे तो मेला तर आमच्यावर येईल ना, ही दुसरी भीती. पंचनामा, पोलीस ठाण्याच्या खेपा, वर्षानुवर्षांच्या तारखा हे सगळं त्या एका वाक्यात असतं. जीव वाचवण्यासाठी, सद्भावनेने, संमती घ्यायची सोय नसताना केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातांत मदत करणाऱ्यासाठी तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ हे वेगळं कलमच आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याने नाव सांगावं अशी सक्तीही करता येत नाही. कायद्याइतकंच उपयोगी पडतं ते साधं उत्तर. ज्याच्यावर आपण सीपीआर करतो त्याचा श्वास आधीच थांबलेला असतो. त्याला आपण आणखी काय मारणार?

१०८ ला फोन करणारा वेगळा माणूस हवा. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने केला. नाव घेऊन सांगायचं, ‘बाबू, तू फोन कर आणि स्पीकरवर टाकून इथेच ये.’ आणि एक जण तिठ्यावर पाठवायचा. कोकणातल्या पत्त्यांची खरी गोम तिथेच आहे. ‘सड्यावरून खाली, देवळाच्या मागच्या पाणंदीने’ हे बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला कळत नाही आणि रुग्णवाहिका दोन मैल पुढे निघून जाते. एकटेच असाल आणि माणूस बुडालेला असेल तर आधी श्वास द्यायचे, जमलं तर त्यातच फोन स्पीकरवर लावायचा. मोठा माणूस चालता-बोलता कोसळला असेल तर आधी फोन.

एईडी नावाचं झटका देणारं यंत्र आता काही ठिकाणी दिसू लागलंय. ते बोलून सूचना देतं आणि झटका लागणार की नाही हे स्वतः ठरवतं, म्हणून नवखाही वापरू शकतो. चालता-बोलता पडलेल्याला त्याचा उपयोग फार मोठा. लय बिघडून हृदय थांबलं आणि कोणीच हात लावला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि ती लय ताळ्यावर आणायला झटकाच लागतो. बुडालेल्याच्या बाबतीत हृदयाला बहुधा झटक्याने सुधारणारी लय नसते. यंत्र आलं तर छाती कोरडी पुसून लावायचं, पण ते आणायला धावण्याच्या नादात श्वास आणि दाब थांबवायचे नाहीत. ग्रामपंचायतीने यंत्र घेतलं तर ते ऑफिसात कुलपात ठेवू नये, एवढं मात्र मी प्रत्येक सरपंचांना सांगतो. रविवारी संध्याकाळी किल्ली तलाठ्याकडे असते की शिपायाकडे हे शोधायला वेळ नसतो.

बाळाच्या छातीवर दोन अंगठे किंवा एका हाताची टाच, खोली सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा, आणि श्वास देताना बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात. गालात मावेल एवढीच हवा.

माणूस परत श्वास घेऊ लागला तर कुशीवर वळवून ठेवायचा, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळायचा आणि दवाखान्यात न्यायचाच. ‘आता बरा आसय, घराक जातंय’ म्हणून उठून बसणारे असतात. पाणी गेलेलं फुफ्फुस काही तासांनी दगा देऊ शकतं, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं भाग आहे.

आणि बहुतेक वेळा माणूस परत येत नाही. हे वर्गात सांगितलं नाही तर आपण लोकांना फसवलं असं होतं. सिनेमात चार दाबांवर नायक उठून बसतो. खऱ्या किनाऱ्यावर अर्धा तास घाम गाळून रुग्णवाहिकेत चढवलेला माणूस बऱ्याचदा गेलेलाच असतो, आणि ज्या पोराने दाबलं ते पुढे पंधरा दिवस जेवत नाही. त्याला असं वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून गावातल्या ज्याने कोणी सीपीआर केला असेल त्याच्याशी नंतर कोणीतरी बसून बोलावं, ही जबाबदारीही वर्गातच एखाद्या आशाताईंवर किंवा गुरुजींवर टाकून ठेवतो.

हाताची सवय तीन ते सहा महिन्यांत विरते, हे जगभर दिसून आलंय. त्यामुळे जुलैत शिकलेलं दिवाळीच्या पर्यटकांपर्यंत टिकेल याची खात्री नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात, पाठोपाठ गणपतीला चाकरमानी येतात आणि विसर्जनाला पोहता न येणारी पोरं खाडीत उतरतात. विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीआधी बाहुली तासभर वाडीत फिरवली, प्रत्येकाने दोन मिनिटं दाबलं आणि पाच श्वास दिले, की पुरे. बाहुली विकत घ्यायला पैसे नसतील तर दाबण्याच्या सरावाला चिंध्यांनी घट्ट भरलेलं पोतं चालतं. श्वासासाठी मात्र खरी बाहुलीच लागते. चार गावांनी मिळून एक घ्यावी आणि तालुक्याच्या एखाद्या शाळेत ठेवावी. तोंडाचा भाग दर माणसामागे स्पिरिटने पुसायचा आणि किनाऱ्यावर नेली असेल तर वाळू झटकूनच पेटीत भरायची, कारण वाळू आत गेली की ती ‘टक’ वाजायची बंद होते.